अडतीस हात

६ जानेवारी, सोमवार

बी.एड.च्या आंतरवासितेचा पहिला दिवस. शाळा गिरणेच्या काठच्या एका गावात आहे, भडगावपासून सहा किलोमीटर. भडगावात खोली घेतली. खोलीत एक खिडकी, एक खुर्ची आणि घरमालकांची लोखंडी पेटी. पेटी हलवायची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. शाळेत सायकलने जातो.

मला सातवीचं गणित मिळालं आहे. मूळ शिक्षिका सुनंदाबाई, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. 'फिरके सर, फळा तुमचा, मी मागे बसते,' एवढंच म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन वह्या तपासायला लागल्या. पटावर अडतीस मुलं.

कॉलेजला दाखवायची नोंदवही वेगळी आहे. तिच्यात प्राध्यापकांची सही लागते. या वहीत लागत नाही.

तेरा फेब्रुवारीला वार्षिक पाठ. मागच्या वर्षी जळगावच्या एका शाळेत याच परीक्षेला मी फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला, पहिला प्रश्न विचारला. एकही हात वर आला नाही. त्या शांततेत माझं तोंड मिटलं ते मिटलंच. सात मिनिटांनी परीक्षक उठून गेले. नापास.

ही दुसरी संधी, आणि शेवटची. पप्पा दीपनगरला वीज केंद्रात आहेत. तिथल्या एका कंत्राटदाराकडे त्यांनी शब्द टाकून ठेवला आहे. तेराला जमलं नाही तर एक मार्चपासून मी हेल्पर. पप्पा रागावून बोलले असते तर उलट काही बोलता आलं असतं. ते हळू आवाजात बोलले.

७ जानेवारी

पहिला पाठ. परिमिती आणि क्षेत्रफळ. हाच घटक वार्षिक पाठाला घेणार आहे.

विचारलं, 'शेताला कुंपण घालायचं आहे. आधी काय मोजाल?'

शांतता. मागच्या वर्षीचीच. मी हातातला खडू बघत राहिलो. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली आणि भरभर काहीतरी बोलली. मराठी होतं, अहिराणी होतं, मध्ये सातपुड्यातली पावरी बोली होती. मला फक्त 'तार' कळलं. बोलताना ती हाताने हवेत चौकोन काढत होती. प्रेमराज नावाच्या मुलाने लगेच तिच्या आवाजात तेच म्हणून दाखवलं. वर्ग हसला. मलाही हसू आलं.

त्या हसण्याने माझी भीती गेली. पुढचा पाठ चांगला झाला. पस्तीस मिनिटं सलग बोललो.

तास संपल्यावर सुनंदाबाईंना विचारलं, ती कोण. सरिता. कुटुंब सातपुड्याच्या पायथ्याचं, चोपड्याकडचं. वडील कुवरसिंग इथे एका केळीच्या बागेवर वर्षाच्या कराराने सालदार आहेत. दोन वर्षं झाली. बाईंना आणखी काही सांगायचं होतं असं वाटलं, पण घंटा झाली.

दिवस चांगला म्हणायला हरकत नाही.

९ जानेवारी

हात वर येत नाहीत. प्रश्न विचारला की अडतीस माना खाली. दोन-तीन मुलं उत्तर देतात, तीही मी नाव घेतल्यावर. सरिता पुन्हा उठली नाही. मला वाटलं होतं ती धीट आहे.

परीक्षकांच्या तक्त्यात 'विद्यार्थ्यांचा सहभाग' याला दहा गुण आहेत.

१० जानेवारी

दीपकला फोन केला. तो मागच्या वर्षी पास झाला, आता पिंप्राळ्यात क्लासेसमध्ये शिकवतो. त्याला हात वर येत नाहीत म्हणून सांगितलं. तो हसायलाच लागला.

'अरे येड्या, हात वर येत नाहीत, आणावे लागतात. पोरांना सांग, ज्याला उत्तर येतं त्याने उजवा वर करायचा, येत नाही त्याने डावा. करायचा मात्र सगळ्यांनी. तू उजव्यालाच उठव. मागे बसलेल्या माणसाला काय दिसतं? सगळा वर्ग हात वर करून बसलाय. मी असाच पास झालो.'

'आणि पोरांनी सांगितलं तर?'

'पोरं कशाला सांगतील? त्यांना मजा येते.'

११ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. मुलांना डावा-उजवा समजावलं. गंमत म्हणून सांगितलं. पहिल्याच प्रश्नाला अडतीस हात. वर्ग एकदम पीक उगवल्यासारखा दिसला. पुना नावाचा मुलगा डावा हात इतका उंच करतो की बाकावरून अर्धा उठतो.

सुनंदाबाईंनी मागून विचारलं, 'कोणी शिकवलं हे?'

'मित्राने.'

'चांगलंय. डावा तरी वर आला.'

त्यांनाही पटलं. मला वाटलं होतं त्या रागावतील.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ मुलांनी आज दिला. माझ्या खिशात अजून एक चिकटलेला लाडू आहे.

दिपमाला हुशार आहे. तिचा उजवा हात प्रत्येक वेळी वर. उत्तर द्यायच्या आधी ती जरा मान वळवते, थांबते, मग नेमकं बोलते. विचार करून बोलायची सवय या वयात क्वचित दिसते. तिच्या शेजारी सरिता बसते. सरिताचा आजपर्यंत एकही उजवा नाही. भाषेची अडचण. तिला एकदा वेगळं शिकवायला हवं, पण तेरा तारखेच्या आत वेळ होईल असं वाटत नाही.

२० जानेवारी

आज एक गोष्ट लक्षात आली. डावे मोजले. आयताची परिमिती: बावीस डावे. पुन्हा समजावून, तोच प्रश्न वेगळे आकडे घालून: तेरा. तिसऱ्यांदा, मुलांना वर्गाच्या भिंतींच्या कडेने चालवून: सहा.

म्हणजे पहिल्यांदा सांगितलेलं बावीस जणांना कळलं नव्हतं. डाव्या-उजव्याच्या आधी मी पुढच्या धड्याला गेलो असतो. 'समजलं का?' विचारल्यावर सगळे 'हो सर' म्हणतात. तोंडाने खोटं बोलतात, हाताने बोलत नाहीत.

हे दीपकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, 'तू डाव्यांकडे कशाला बघतो?'

आता रोज डावे लिहून ठेवतो. रोजच्या पाठाची आखणी लिहितो त्या टाचणवहीच्या मागच्या पानावर.

२२ जानेवारी

आज क्षेत्रफळ. एकोणीस, अकरा, नऊ. नवावर अडकलो.

मधल्या सुट्टीत पुनाला विचारलं, तुझा डावा का होता. तो म्हणाला, 'माले गुणाकार येस सर. पन कशाले गुनतस ते नही समजत.' गुणाकार का करतात, हे सांगायला मला स्वतःला अर्धी सुट्टी लागली. शेवटी फरशा मोजल्या. एका ओळीत आठ, अशा पाच ओळी. पुना म्हणाला, 'मंग असं सांगा ना पहिलेच.'

असा राग कोणी कधी माझ्यावर काढला नव्हता. आवडला.

२७ जानेवारी

वार्षिक पाठाची तयारी म्हणून जागा बदलल्या. उजवी मुलं पुढे, डावी मागे. हे सगळेच करतात. दिपमालाला पहिल्या बाकावर आणलं. सरिताला शेवटच्या, दाराजवळ. तिच्या शेजारी मेघा, तीही डावीच.

बाईंनी बाकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'फिरके सर, तुमच्या घरी भावंडं किती?'

'मी एकटा.'

'तरीच. शेजारी बसलेलं भावंड काय कामाचं ते तुम्हाला कुठून कळणार,' म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या. काय ते कळलं नाही.

२९ जानेवारी

दिपमालाला काय झालं आहे? दोन दिवसांत एकही उजवा नाही. आज उठवलं तर फळ्याकडे बघत राहिली. बरं नाही का विचारलं. म्हणाली, 'बरी शे सर.'

उलट मेघा सुधारली. आज तीनदा उजवा. तिन्ही उत्तरं बरोबर. मागच्या बाकावर मुलं मोकळी होतात की काय. जागा बदलण्याचा असाही उपयोग होतो, हे टाचणात लिहिलं.

५ फेब्रुवारी

वार्षिक पाठाचं टाचण पूर्ण. भडगावात तीन रंगीत तक्ते करून घेतले. मध्यवर्ती प्रश्न असा: वीस मीटर तार आहे. त्या तारेत पाच बाय पाचचं शेत बसतं, आठ बाय दोनचंही बसतं. दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं की वेगळं, आणि का?

आज करून पाहिलं. तेवीस डावे. समजावलं, एकवीस. तक्ता दाखवला, एकवीस. सूत्राने पंचवीस आणि सोळा उत्तरं आली, सगळ्यांनी वहीत लिहिली, आणि पुन्हा विचारलं तर एकवीस. तार तेवढीच, मग जमीन कमी कशी, हे त्यांना पटत नाही. मलाही सूत्राशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न बदलायला उशीर झाला. टाचणावर सही झाली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस राहिले. झोपेत फळा दिसतो.

दीपक म्हणाला, परीक्षक कधीकधी स्वतःच एखाद्याला उठवतात, म्हणून अगदी कच्ची दोन-चार पोरं त्या दिवशी नसलेली बरी. मी वर्गावरून नजर फिरवली. पुनाला सांगितलं असतं तर त्याने गावभर सांगितलं असतं. शाळा सुटल्यावर सरिताला थांबवलं. म्हणालो, 'गुरुवारी पाहुणे आहेत. तू नाही आलीस तरी चालेल.'

ती म्हणाली, 'हो.'

दप्तर उचलून गेली. तिने कारण विचारलं नाही, हे बरं झालं. कारण माझ्याकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरिता आज आली नाही. गुरुवारचं सांगितलं होतं, सोमवारचं नाही.

दुसऱ्या तासाला मेघाचा हात डावा. तिन्ही प्रश्नांना डावा. मी तिच्याजवळ गेलो. 'मागच्या आठवड्यात तर तुला सगळं येत होतं.'

मेघा म्हणाली, 'सांगनारी नही शे ना सर आज.'

'कोण सांगणारी?'

तिने बाकाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पहिल्या बाकावरून दिपमालाने मागे वळून पाहिलं आणि पटकन मान पुढे केली.

मी फळ्याजवळ परत गेलो. उरलेला तास मुलांना उदाहरणं सोडवायला दिली.

सुट्टीत बाईंना म्हणालो, 'सरिताला येतं.'

'हो.'

'तुम्हाला माहीत होतं.'

'दोन वर्षांपासून. माझ्याशी बोलते ती, सुट्टीत. वर्गात उठली ती फक्त तुमच्या पहिल्या पाठाला.'

'मग मला सांगितलं का नाही?'

बाई वही मिटून म्हणाल्या, 'सांगणार होते त्याच दिवशी. पण तुम्ही फार खुशीत होता.'

खोलीवर येऊन सात जानेवारीची नोंद वाचली. 'मलाही हसू आलं.' माझंच अक्षर आहे. त्याखाली दिवस चांगला गेला असंही आहे.

११ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर केळीच्या बागेत गेलो. पुनाने रस्ता दाखवला आणि पाटापाशी थांबला. 'मालकनं कुत्रं शे तठे,' म्हणाला.

कुवरसिंग बांधावर खांब रोवत होते. रानडुकरं बागेत येतात म्हणून तारेचं कुंपण चाललं होतं. सरिता तारेचं भेंडोळं धरून उभी होती. मला पाहून तिने ते खाली ठेवलं नाही.

'बसा सर,' कुवरसिंग म्हणाले. बसायला काही नव्हतं. त्यांनी एक खांब आडवा केला, त्यावर बसलो. 'पोरगी म्हणाली, सरांनी नको सांगितलं. म्हटलं, नको तर नको. इथं काम आहेच.'

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच ऐकवत नव्हतं.

'चूक माझी आहे,' मी म्हणालो.

कुवरसिंगांनी उरलेलं भेंडोळं पाहिलं. सरिताला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. तिने बांधाकडे एकदा पाहिलं, ओठ हलवले आणि उत्तर दिलं. मग मला म्हणाले, 'विचारलं, एवढी तार पुरेल का. म्हणते, त्या कोपऱ्याला आत घेतलं तर पुरेल, पण तीन ओळी केळी बाहेर राहतील. तार वाचते, केळी जाते.'

मी सरिताकडे पाहिलं. 'हे तुला कुठून कळलं?'

तिने खांद्याने खांबांकडे खूण केली. 'ओढून.'

थोडा वेळ ते दोघं तार ओढत राहिले. मी दुसरं टोक धरलं. हाताला कापलं.

म्हणालो, 'पहिल्या दिवशी तू उत्तर दिलंस आणि मी हसलो.'

'पोरं तर रोज हसतात,' ती म्हणाली. तार खांबाला गुंडाळत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. 'तुम्ही नवे होते.'

मी माझं टोक ताणून धरलं. म्हणालो, 'गुरुवारी ये. नाही आलीस तरी चालेल म्हणालो होतो. चालणार नाही.'

'येईल सर,' कुवरसिंग म्हणाले.

'बा, मी अजून बोलले नाही,' सरिता म्हणाली.

कुवरसिंग हसले. मी निघालो. पाटापाशी पुना होताच. 'चावनं का सर?' त्याने माझ्या हाताकडे बघून विचारलं.

१२ फेब्रुवारी

सरिता आली नाही.

जागा पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. मुलांना सांगितलं की मी पहिल्या दिवशी सरितावर हसलो होतो आणि ते वाईट होतं. प्रेमराज बाकाखाली काहीतरी शोधायला लागला.

डाव्या-उजव्याचं काय करायचं, ते ठरवता आलं नाही. उद्या बंद केलं तर मुलं गोंधळतील, आणि हात येणार नाहीत. हात आले नाहीत तर काय होतं ते मला माहीत आहे. तसंच ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

परीक्षक धुळ्याहून आले, बोरसे सर. उंच, पांढरा शर्ट, बोलणं कमी. सुनंदाबाईंच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसले. हजेरी घेताना सरिताचं नाव आलं तेव्हा तिसऱ्या बाकावरून 'हजर' ऐकू आलं. ती कधी आली, मी पाहिलं नव्हतं. पायाला गाळ होता.

प्रस्तावनेचे प्रश्न झाले. अडतीस हात. बोरसे सरांनी मान वर करून वर्ग पाहिला आणि काहीतरी लिहिलं. मी उजव्यांना उठवत गेलो. सगळं टाचणाप्रमाणे. मग मध्यवर्ती प्रश्न. तार वीस मीटर, दोन शेतं, जमीन सारखी की वेगळी, आणि का? अडतीस हात. उजवे चोवीस, डावे चौदा. डोळ्यांनी मोजायची आता सवय झाली आहे. मी प्रेमराजचं नाव घेणार एवढ्यात मागून आवाज आला.

'थांबा सर. हा सांगेल.' बोरसे सर उभे होते. बोट पुनाकडे. 'सगळ्यात उंच हात याचा आहे.'

पुना उठला. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

'सर, मना डावा शे.'

'म्हणजे?'

'ज्याले येस तो उजवा करस. ज्याले येत नही तो डावा. मना डावा शे.' आणि त्यांना पटलं नाही असं वाटून त्याने हात हलवून दाखवला. 'सरनी सांगेल शे.'

बोरसे सरांनी सगळ्या हातांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मुलांचे हात अजून वरच होते, कारण खाली करा म्हणून मी म्हणालो नव्हतो. मागच्या वर्षीची शांतता आली. दीपनगरचं गेट दिसलं, खरंच दिसलं, त्यातून आत जाणारी माणसं.

पुना उभाच होता. त्याचा चेहरा चिंतेत पडलेला. आपण काही चुकीचं बोललो का, असा. त्याला खाली तरी बसवायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, 'पुना, कुठे अडलं तुझं?'

'तार तितलीच शे सर. मंग वावर कमी कसं व्हई जास? जमीन कोठे गयी?'

तक्ते तीन होते. तिन्हींत याचं उत्तर नव्हतं. मी ते लावले नाहीत. म्हणालो, 'मला हे सूत्राने येतं, पुना. डोळ्यांना दिसेल असं सांगता येत नाही. कोणाला येतं?'

सरिताचा डावा हात खाली आला. उजवा वर गेला नाही. ती सरळ उठली, कपाटाशेजारी टांगलेली उड्यांची लांब दोरी काढली, तिची दोन टोकं बांधली आणि पुनाला फळ्यापुढे आणून दोरीच्या मध्ये उभं केलं. चार मुलांना चार कोपरे धरायला लावले. त्यात प्रेमराज होता. चौकोन झाला.

'चाल,' ती पुनाला म्हणाली.

पुना आत दोन-तीन पावलं इकडे-तिकडे फिरला.

मग ती बोलायला लागली. मराठी, अहिराणी, मध्ये तिची बोली. कोपरे धरणाऱ्यांना हाताने दाखवत गेली, तुम्ही दोघं जवळ या, तुम्ही लांब जा, दोरी ढिली नको. चौकोन लांबट झाला. आणखी लांबट. दोरी ताणलेलीच. शेवटी दोन्ही बाजू पुनाच्या पोटाला आणि पाठीला लागल्या.

'माले दाबी राहयनी सर!' पुना ओरडला.

वर्ग हसला. सरिता थांबली. हसणं संपेपर्यंत दोरी धरून शांत उभी राहिली, मग म्हणाली, 'तार कमी झाली का?'

'नही,' पुना म्हणाला.

'तुला जागा कमी झाली का?'

'बठ्ठी गयी, सगळी.'

'मग? तार कडेची आहे. जागा आतली आहे. कड लांब केली की आतलं पातळ होतं.'

पुना दोरीत अडकलेलाच होता. त्याने खाली पाहिलं, पोटाजवळची दोरी बोटाने ओढून पाहिली. मग उजवा हात वर केला. कोणी प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर मी टाचण पाहिलं नाही. दोरीत आणखी मुलं उभी केली. चौकोनात नऊ जण मावले, लांबटात चार. मेघाने विचारलं, सगळ्यात जास्त केव्हा मावतील. मला ते पुढच्या वर्गाचं वाटलं होतं. तिघांनी करून पाहिलं. घंटा झाली तेव्हा मी फळ्यावर समारोप लिहिला नव्हता, गृहपाठ दिला नव्हता.

मुलं गेल्यावर बोरसे सर पुढे आले. टाचणवही हातात.

'हात वर करायची ही पद्धत परीक्षकाला फसवायला काढलेली आहे.'

'हो सर.'

'तुम्हीही त्यासाठीच सुरू केली?'

'हो सर.'

त्यांनी वही चाळली आणि मागचं पान लागलं. तारखा आणि आकडे. बावीस, तेरा, सहा. एकोणीस, अकरा, नऊ. तेवीस, एकवीस, एकवीस. 'हे काय?'

'डावे.'

'रोजचे?'

'वीस जानेवारीपासून.'

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. 'आज शेवटी किती राहिले?'

'पाच.'

'कोण?'

मी नावं सांगितली. तानुबाईला गुणाकाराचीच अडचण आहे. पंडित मागे होता, त्याला दोरी नीट दिसली नाही. दोघा भावांना एकक कळत नाही, मीटर आणि चौरस मीटर. पाचवी दिपमाला, तिला आता स्वतः विचार करावा लागतो आहे, वेळ लागेल.

बोरसे सरांनी हे लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. वही परत दिली. 'वेळेचं नियोजन वाईट आहे तुमचं,' म्हणाले आणि बाईंसोबत चहाला गेले.

१४ फेब्रुवारी

कॉलेजने सांगितलं होतं की वार्षिक पाठानंतर शाळेत गेलं नाही तरी हजेरी लागते. गेलो. पंडितसाठी दोरी पुन्हा काढली. आता सगळ्यांनाच आत उभं राहायचं होतं.

सरिताचा हात दोनदा डावा होता. पहिल्यांदा मला वाटलं पुन्हा लपली. विचारलं तर खरंच येत नव्हतं. दशांश चिन्ह. तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं.

२१ फेब्रुवारी

निकाल लागला. उत्तीर्ण. 'वेळेचे नियोजन' याला दहापैकी दोन. 'सहभाग' याला किती ते लिहीत नाही.

नोकरीचं अजून काहीच नाही. त्याला वेगळ्या परीक्षा आहेत, जागा निघाव्या लागतात, वर्षं जातात. मुख्याध्यापकांनी वर्ष संपेपर्यंत येत जा म्हटलं आहे. सुनंदाबाईंनी त्यांना काय सांगितलं ते विचारलं नाही. त्या आजही मागच्या बाकावर बसतात. आता वह्या मी आधी तपासतो, मग त्या.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. निकाल सांगितला. ते 'बरं' म्हणाले. मग म्हणाले, 'कंत्राटदार विचारत होता, पोरगा एक तारखेला येतो ना. काय सांगू त्याला?'

'सांगा, पोरगा कामाला लागला.'

'कुठे?'

'सातवीत.'

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. पप्पांनी तो बारीक केला.

'जेवलास का?' त्यांनी विचारलं.